आधी अंतर मोजा, मग लेन्स घ्या

प्रश्न : मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला आहे. निकॉन डी ५६०० आणि त्यासोबत आलेल्या १८-५५ व ७०-३०० या दोन लेन्स आहेत. थंडीत भिगवणला आणि एरवी कडबनवाडीच्या माळावर स्कूटीवरून जाते. ३०० वर काढलेले फोटो सॉफ्ट येतात आणि पक्षी फारच लहान दिसतो. साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. ओळखीतले सगळे सांगतात, ६०० एमएमशिवाय वाइल्डलाइफ होत नाही. दुकानदार म्हणतो, डीएसएलआरचे दिवस गेले, मिररलेस घ्या. मे महिन्यात ताडोब्याला जायचं ठरलं आहे, त्याआधी लेन्स हातात हवी आहे. सिग्मा, टॅम्रॉन की निकॉनची २००-५००? नवी की वापरलेली?
– एक वाचक, इंदापूर

ताई,

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. पक्षी लहान दिसतो ही एक आणि फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट येतो ही दुसरी. पहिलीवर मोठी लेन्स हा इलाज आहे, दुसरीवर बहुतेक वेळा नाही. दोन्ही वेगळ्या न करता साठ हजार खर्च केले, तर पक्षी फ्रेममध्ये मोठा होईल पण सॉफ्टच राहील आणि मग तुम्ही नव्या लेन्सला दोष द्याल. म्हणून लेन्सच्या नावांकडे मी जरा उशिरा येतो.

आधी अंतराचं बोलू. सेन्सरवर प्राणी किती मोठा उमटतो याचं गणित शाळेतलंच आहे. प्राण्याचा आकार गुणिले फोकल लेन्थ (लेन्सवरचा ३००, ६०० असा मिलिमीटरचा आकडा), भागिले अंतर. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे. भिगवणचा रोहित (फ्लेमिंगो) उभा असला की साधारण १३० सेंटिमीटर उंच. होडी पन्नास मीटरवर थांबली आणि लेन्स ३०० वर असली, तर तो सेन्सरवर जवळपास ८ मिलिमीटर उमटतो, म्हणजे फ्रेमच्या उंचीचा निम्मा. रोहितासाठी एवढं भरपूर झालं. पाणी, प्रतिबिंब, मागचा थवा, सगळ्याला जागा उरते.

आता त्याच काठावरचा छोटा खंड्या घ्या. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १६ सेंटिमीटर. पंचवीस मीटरवरून ३०० ने टिपला तर तो सेन्सरवर २ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. फोटोच्या ६००० पिक्सेल रुंदीत त्याच्या वाट्याला पाचशेच्या आत पिक्सेल येतात. डोळा, पिसं, चोचीतली मासोळी, सगळं त्या पाचशेत बसवायचं. इथे क्रॉप करून काही निघत नाही. ६०० लावली तर तेच पिक्सेल हजाराच्या घरात जातात आणि फोटोतलं त्याचं क्षेत्रफळ चौपट होतं. कडबनवाडीच्या चिंकाऱ्याचंही असंच. खांद्याशी तो ६५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि माणूस दिसला की ऐंशी मीटरच्या आत क्वचितच येऊ देतो. ३०० वर तो फ्रेमच्या उंचीचा सहावा भागही भरत नाही, ६०० वर जवळपास तिसरा भाग भरतो.

आणि ताडोब्याचा वाघ? खांद्याशी तो साधारण एक मीटर, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अडीच-पावणेतीन मीटर. वीस मीटरवरून रस्ता ओलांडताना दिसला तर ३०० वर तो फ्रेममध्ये मावतच नाही. पूर्ण वाघ घ्यायला तुम्हाला १६०-१७० पर्यंत मागे यावं लागेल. दहा मीटरवर आला तर १५० देखील जास्त होते. म्हणजे ज्या सहलीसाठी तुम्हाला मोठ्या लेन्सची घाई झाली आहे, तिथे तुमची हातातली ७०-३०० चांगली चालेल. ६०० ची गरज आहे ती घराजवळ, माळावर आणि उजनीच्या काठावर. मे महिन्याची मुदत डोक्यातून काढून टाका. घाईत सेकंडहँड माल नीट पाहून होत नाही.

वाटलं तर एक प्रयोग करा. शाळेतली १५ सेंटिमीटरची पट्टी मैदानाच्या कुंपणाला लावा, टेपने पंचवीस मीटर मोजा आणि तिथून ३०० वर फोटो काढा. पट्टी फोटोत जेवढी दिसेल तेवढाच खंड्या किंवा वेडा राघू दिसणार. मग पुढे सरकत दहा मीटरवर या. अडीच पट फरक पडतो, आणि तोही फुकट. लपून बसून, कपडे मातीच्या रंगाचे घालून, हालचाल न करता पक्ष्याला आपल्याकडे येऊ देणं ही विद्या कुठल्याही लेन्सइतकीच मोलाची आहे. मात्र काही पक्षी, काही प्राणी तेवढं जवळ येऊ देत नाहीत आणि आपण जाऊही नये. मोठ्या लेन्सचं खरं काम तिथे सुरू होतं.

आता सॉफ्टपणाकडे वळू. एकाच बसलेल्या पक्ष्याचे लागोपाठ दहा-बारा फोटो काढा आणि संगणकावर शंभर टक्क्यांवर मोठे करून बघा. प्रत्येक फोटोत पक्ष्याची कड वेगवेगळ्या तऱ्हेने वेडीवाकडी दिसली, तर दोष हवेचा आहे. ऊन तापलं की जमिनीवरून आणि पाण्यावरून गरम हवेच्या लहरी उठतात. भिगवणला थंडीतही सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले की लांबचे पक्षी थरथरायला लागतात. माळावर तर त्याहून लवकर. ही थरथर व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी लेन्समधली सोय) थांबवत नाही, महागडी लेन्सही थांबवत नाही. उलट फोकल लेन्थ वाढली की ती अधिक ठळक दिसते. लांबच्या पक्ष्यांचे फोटो उजाडल्यापासून पहिल्या तास-दीड तासातच घ्या. नंतर जवळचं जे मिळेल ते टिपायचं.

सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या, दुहेरी दिसल्या, तर हात हलला आहे किंवा होडी हलली आहे. डी ५६०० वर ३०० साठी निदान ५०० चा, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा, शटर स्पीड ठेवावा, ६०० साठी १००० चा. होडीत मी १६०० च्या खाली येत नाही. तुमच्या ७०-३०० वर व्हीआर अशी अक्षरं आहेत का तेही बघा, कारण याच मापाची बिनव्हीआरची लेन्सही निकॉनने विकली आहे. असेल तर तिच्यावर बटण नाही, व्हीआर कॅमेऱ्याच्या मेनूतून चालू-बंद होतो. तो चालू आहे ना, याची एकदा खातरजमा करा. व्हीआर आपल्या हाताची थरथर झेलतो. मान हलवणाऱ्या पक्ष्याला तो थांबवू शकत नाही, ते काम शटरचंच.

आणि पक्षी सॉफ्ट पण त्याच्या पुढचं गवत लख्ख शार्प दिसलं, तर फोकस चुकला आहे. तुमच्या कॅमेऱ्यात ३९ फोकस पॉइंट आहेत, त्यातले क्रॉस प्रकारचे, म्हणजे जास्त भरवशाचे, नऊ मध्यभागी. सगळे ३९ कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. एकच मधला पॉइंट निवडा, एएफ-सी (फोकस सतत जुळवत राहणारा मोड) ठेवा आणि तो पॉइंट डोळ्यावर धरा. मोड एम ठेवा, शटर आणि अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं लेन्समधलं छिद्र) तुम्ही ठरवा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडून वरची मर्यादा ३२०० द्या. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा. आजची नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअर ३२०० च्या रॉ फाइलला फार छान सांभाळतात. हललेला फोटो मात्र कुठलंच सॉफ्टवेअर पूर्ववत करत नाही, म्हणून आयएसओ वाढला तरी चालेल पण शटर पडू देऊ नका.

एवढं करून पंधरा-वीस मीटरच्या आतले तुमचे फोटो स्वच्छ यायला लागले, की समजा हात तयार झाला. मग बाजारात जाऊ.

२०१३ च्या अखेरीस टॅम्रॉनने १५०-६०० आणली आणि सर्वसामान्य फोटोग्राफरचं जगच बदललं. तोवर ६०० एमएम म्हणजे काही लाखांची, स्वतःच्या पगारातून न परवडणारी प्राइम (झूम नसलेली) लेन्स. पुढच्या वर्षी सिग्माने आपल्या दोन १५०-६०० जाहीर केल्या, स्पोर्ट आणि कंटेम्पररी. २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० आली, २०१६ मध्ये टॅम्रॉनची सुधारलेली जी-टू. आज महाराष्ट्रात ज्या हौशी मंडळींचे पक्ष्यांचे फोटो तुम्ही बघता, त्यातले कितीतरी याच चार-पाच लेन्समधून आलेले असतात. तुमची निवडही यांतूनच व्हायची आहे.

सिग्मा स्पोर्ट पहिल्याच फेरीत बाद करा. लेन्स उत्तम, पण वजन २८६० ग्रॅम. ती स्कूटीवरून नेऊन माळावर हातात धरून चालायची नाही. निकॉन २००-५०० कॉलरसकट (ट्रायपॉडवर बसवायच्या कड्यासकट) २३०० ग्रॅम, टॅम्रॉन जी-टू २०१० ग्रॅम, सिग्मा कंटेम्पररी १९३० ग्रॅम. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण दोन किलोची लेन्स डोळ्याला लावून, शिक्रा उडेल म्हणून पाच मिनिटं ताटकळत उभं राहिलं की शेवटचे तीनशे ग्रॅम खांद्याला बरोबर कळतात. लेन्स जड झाली की ती घरीच राहायला लागते, आणि कपाटातल्या ६०० पेक्षा गळ्यातली ३०० केव्हाही चांगली.

प्रकाशाच्या बाबतीत निकॉनची बाजू थोडी वरचढ. ती २०० पासून ५०० पर्यंत एफ/५.६ राहते (हा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त), बाकीच्या दोघी ६०० वर एफ/६.३ होतात. हा फरक एका स्टॉपचा (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं) तिसरा हिस्सा. आयएसओ २५०० च्या जागी ३२०० लागेल एवढाच. यावरून निर्णय फिरवू नये. शार्पपणातही चांगल्या अवस्थेतल्या या तिन्ही लेन्समध्ये इतका फरक नाही की फोटो पाहून कुणी लेन्स ओळखावी. ६०० वर यांतली कुठलीही १५०-६०० एफ/८ ला जरा आवळली की सुधारते, तेवढा उजेड असेल तेव्हा ते करावं.

तुमच्यासाठी माझं मत सिग्मा कंटेम्पररीकडे झुकतं, वापरलेली, निकॉन माउंटची (निकॉनच्या बॉडीला बसणारी). नवी साठ हजारांत येत नाही. चांगल्या अवस्थेतली वापरलेली शोधली तर मिळू शकते. हलकी आहे हे एक कारण. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. डी ५६०० मध्ये फोकस बारीक जुळवून घेण्याची सोय नाही. लेन्स आणि बॉडीचं जमलं नाही, फोकस सतत दोन बोटं पुढे किंवा मागे पडू लागला, तर डी ७५०० सारख्या कॅमेऱ्यात ते मेनूतून सुधारता येतं, तुमच्याकडे येत नाही. सिग्माचा यूएसबी डॉक मिळतो, त्यावर लेन्स बसवून संगणकावरून ही दुरुस्ती लेन्समध्येच करता येते. टॅम्रॉन जी-टूसाठीही टॅप-इन कन्सोल आहे. टॅम्रॉनच्या २०१३ च्या पहिल्या आवृत्तीला ही सोय नाही. विकणाऱ्याला 'टॅम्रॉन १५०-६००' एवढंच माहीत असतं, तेव्हा जी-टू अशी अक्षरं स्वतः पाहा.

मग निकॉन २००-५०० केव्हा घ्यावी? पुढेमागे निकॉनच्या झेड मालिकेचा मिररलेस घ्यायचा पक्का विचार असेल आणि तुमच्या पैशांत बिलासकट चांगली लेन्स चालून आली, तर बेलाशक घ्या. एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर (डीएसएलआरच्या लेन्स झेड बॉडीला जोडणाऱ्या कड्यावर) ती विनातक्रार चालते. सिग्मा-टॅम्रॉनच्या लेन्सना त्यासाठी कधी कधी फर्मवेअर अपडेट करावं लागतं.

१००-४०० कुणी सुचवली असेल तर तुमच्या बाबतीत ती नको. सिग्माची १००-४०० फक्त ११६० ग्रॅमची, गोड लेन्स आहे. ज्याच्याकडे १८-५५ सोडून काहीच नाही त्याला मी तीच सांगेन. पण तुमच्याकडे ३०० आहे. तिथून ४०० ला गेलात तर पक्षी फक्त तिसऱ्या हिश्शाने मोठा होईल. एवढ्यासाठी अर्ध्याहून जास्त रक्कम घालवू नका.

वापरलेल्या लेन्सच्या जाहिरातींमध्ये 'निकॉन ८०-४०० व्हीआर, स्वस्तात' असं हमखास दिसतं. सावध राहा. ८०-४०० ची २००० सालची डी आवृत्ती बॉडीतल्या मोटरवर फोकस करते आणि डी ५६०० मध्ये ती मोटर नाही. लेन्स लागेल, फोटो निघेल, फोकस मात्र हाताने फिरवावा लागेल. उडत्या भोवत्या पक्ष्यामागे हाताने फोकस फिरवणं मला तरी जमत नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तरच निकॉनची लेन्स तुमच्या बॉडीवर आपोआप फोकस करेल. टेलिकन्व्हर्टरही नको. १.४ पट वाढवणारा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो, ६.३ चे ९ होतात आणि तुमच्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो.

कॅनन वापरणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात: सिग्मा आणि टॅम्रॉन तुमच्याही माउंटमध्ये आहेत. आर मालिकेचा मिररलेस असेल तर आरएफ १००-४००, वजन अवघं ६३५ ग्रॅम, ही पहिली लेन्स म्हणून डोळे झाकून घ्यावी. जुन्या डीएसएलआरवर उडत्या पक्ष्यांसाठी ईएफ ४०० एफ/५.६ एल वापरलेली मिळाली तर सोडू नका. तिच्यात स्टॅबिलायझर नाही, पण उडता पक्षी टिपताना शटर तसाही १६०० च्या वरच असतो.

विकत घेण्याआधी एका शनिवार-रविवारसाठी १५०-६०० भाड्याने आणा. पुण्यात लेन्स भाड्याने देणारी दुकानं आहेत. ओळखपत्र आणि अनामत मागतात. ती स्कूटीवर सॅकमध्ये कशी बसते, होडीत बसून धरता येते का, तासाभराने मनगट काय म्हणतं, हे व्हिडिओ बघून कळत नाही. हे भाडं वाया गेलं असं समजू नका.

वापरलेली लेन्स पाहायला भर दिवसा जा, आणि तुमची स्वतःची बॉडी, भरलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घेऊन जा. लेन्स न दाखवता कुरिअरसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या अनोळखी माणसाला एक रुपयाही देऊ नका.

पहिली तपासणी टॉर्चची. लेन्स तिरकी धरून एका बाजूने उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. धुळीचे चार कण असणारच, या सगळ्या लेन्स झूम करताना लांब होतात आणि हवेबरोबर धूळ आत ओढतात. त्याने फोटोत काही बिघडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे किंवा फांद्या फुटलेले डाग दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये ती जास्त आढळते. किंमत कितीही उतरवली तरी अशी लेन्स घेऊ नका. ती वाढत जाते आणि साफसफाईचा खर्च होऊनही खात्री नसते. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असला तर भाव करायला उपयोगी, फोटोत तो दिसत नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र दिसू शकतो. माउंटच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर लेन्स उघडलेली आहे. कशासाठी ते विचारा.

मग लेन्स कॅमेऱ्याला लावा. सिग्मावर ओएस, टॅम्रॉनवर व्हीसी (दोन्ही व्हीआरचीच दुसरी नावं) चालू करून शटर अर्धं दाबा. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र क्षणात स्थिर झालं पाहिजे, टकटक किंवा उडी नको. १५० वर आणि ६०० वर, जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर फोकस करून बघा, अडखळतो का. समोर लांबवर अक्षरांची पाटी शोधा, दुकानाची, एसटी थांब्याची, कुठलीही. लेन्स कठड्यावर टेकवा, ६०० वर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून पाटी मध्यभागी, मग चारही कोपऱ्यांत ठेवून फोटो काढा. एकाच बाजूचा कोपरा बाकीच्यांपेक्षा फार पुसट असेल, तर आतली काच सरकली आहे, बहुधा लेन्स पडलेली आहे. तोच फोटो लाइव्ह व्ह्यूमधूनही, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो लख्ख आणि व्ह्यूफाइंडरचा सॉफ्ट आला, तर काच चांगली आहे, फोकस जुळवून घ्यावा लागेल. डॉकवर ते होऊ शकतं, आणि डॉकचे पैसे किमतीतून वजा करायला तुम्हाला कारण मिळतं.

बिल मागा आणि बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबरशी ताडून बघा. बिल नसेल तर चोरीचा माल असण्याची शक्यता गृहीत धरा. हूड (लेन्सच्या तोंडाशी लागणारी नळी) आणि ट्रायपॉड कॉलर सोबत हवेच. या तिन्ही लेन्सचा फिल्टर ९५ मिलिमीटरचा. दुकानदार 'संरक्षणासाठी' म्हणून स्वस्तातला यूव्ही फिल्टर गळ्यात मारेल. तो घेऊ नका. एवढ्या लांब फोकल लेन्थवर हलक्या काचेचा फिल्टर फोटो सरळ सरळ सॉफ्ट करतो. संरक्षणाचं काम हूड करतो.

साठातले सगळे साठ लेन्सवर घालवू नका. दोन-तीन हजार बीन बॅग, सिलिका जेल आणि हवाबंद डब्यासाठी ठेवा. बीन बॅग विकत घ्यायलाच हवी असं नाही. जुन्या जीन्सची तंगडी कापून दोन्ही टोकं शिवा, एका टोकाला चेन लावा. प्रवासात रिकामी न्या आणि मुक्कामी पोचलात की किलो-दोन किलो तांदूळ भरा. होडीच्या काठावर, जिप्सीच्या दांडीवर, माळावर जमिनीलगत, सगळीकडे ती ट्रायपॉडपेक्षा सरस ठरते. डबा झाकणाला रबर असलेला घ्या, आत सिलिका जेलची निळी खडी ठेवा; ती गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळी करा. लेन्स चामडी केसमध्ये किंवा कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर ठेवू नका.

ताडोब्याला ७०-३०० कॅमेऱ्यावरच राहू द्या. मे महिन्यात धूळ फार, जिप्सीत लेन्स बदलू नका. कॅमेरा सुती टॉवेलात किंवा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मांडीवर ठेवा. कोअरमध्ये (जंगलाच्या आतल्या मुख्य भागात) मंगळवारी सफारी नसते, बुकिंग करताना तारीख बघून घ्या. वाघ दिसला की ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, चालू इंजिनाची थरथर प्रत्येक फोटोत उतरते. पाणवठ्याजवळ संध्याकाळी उजेड झपाट्याने पडतो, तेव्हा आयएसओची मर्यादा ६४०० करा. वाघ जवळ आला तर झूम मागे घ्या आणि जंगलही फोटोत येऊ द्या. तेंदूच्या पानांतून चालणारा अख्खा वाघ हा नुसत्या तोंडाच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

मिररलेसबद्दल दुकानदार खोटं बोलत नाही. निकॉनचा शेवटचा डीएसएलआर डी ६, तो २०२० मध्ये आला, त्यानंतर नवा नाही. मिररलेस पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो आणि धरून ठेवतो, ही सोय फार मोलाची आहे. पण साठ हजारांत अशी बॉडी आणि ६०० पर्यंतची लेन्स दोन्ही येत नाहीत. बॉडी घेतलीत तर खंड्याला पुन्हा पाचशेच पिक्सेल मिळतील, फक्त फोकस अचूक असेल. डी ५६०० चा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आजही उत्तम फोटो देतो. आधी लेन्स घ्या, बॉडीचं पुढे बघता येईल.

एक विनंती मात्र आवर्जून करतो. भिगवणला फोटोसाठी रोहितांचा थवा उडवणारे नावाडी भेटतात, आणि 'उडवू का?' असं विचारतातही. नको म्हणा, आणि का नको तेही सांगा. ते पक्षी तिथे पोट भरायला आलेले असतात. दिवसातून दहा वेळा उडवले तर खायचं कधी? कडबनवाडीला लांडग्याच्या बिळाजवळ किंवा धाविक पक्ष्याच्या जमिनीवरच्या अंड्यांजवळ थांबू नका, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. चिंकारा आणि लांडगा दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे. स्कूटी मळलेल्या वाटेवरच ठेवा. ६०० हातात आली की ऐंशी मीटरवरून चिंकारा चरत असताना, त्याने मानही वर न करता फोटो मिळतो. लेन्सवर खर्च करायचं माझ्या लेखी हे सर्वांत मोठं कारण आहे.

एखादी सिग्मा किंवा २००-५०० नजरेत भरली, तर पाहायला जाण्याआधी विकणाऱ्याकडून तीन फोटो मागवा: टॉर्च मारून काढलेला आतल्या काचेचा, माउंटचा आणि बिलाचा. फोटो, त्याने सांगितलेली किंमत आणि लेन्स कुठल्या गावात वापरली गेली हे मला कळवा. बघून सांगतो.